गोठ्यावरचा दात

“हालून राह्यला, पण पडून नाई राह्यला,” आचल जिभेनं खालचा दात पुढं ढकलत म्हणाली.

बंडूजी वांग्याच्या वाफ्यात वाकले होते. हातातलं वांगं पोत्यात टाकून ते नातीच्या पुढ्यात उकिडवे बसले. सहा वर्षांच्या पोरीचा पहिला दात पडायला आला होता, आणि अल्लीपूरच्या या म्हाताऱ्यानं त्या दिवसाची वाट पावसापेक्षाही जास्त पाहिली होती.

“पडला का माह्यापाशी आणजो,” ते म्हणाले. “गोठ्याच्या छपरावर, कवेलूवर फेकू. उंदीरमामा जुना घेऊन जाते, अन् आपल्या दातासारखा बारीक, पांढरा देते.”

“नाई. मी उशीखाली ठेवीन. मंग परी येते. देवळीच्या आबाजीनं मले पिक्चर दाखवला.”

झालं! पुन्हा देवळीचे आबाजी.

देवळीचे आबाजी म्हणजे बंडूजींचे व्याही, अण्णाजी. रिटायर मास्तर, आणि घरात भिंतभर टीव्ही. दिवाळीच्या सुट्टीत आचल आठ दिवस आजोळी राहिली आणि असले सिनेमे डोक्यात भरून परत आली. ढगावर झोपणारा म्हातारा, अंधाराला भिणारा बागुलबुवा, आणि ही दात नेणारी परी. सगळे हिंदीत बोलणारे. परी तर उडायलाच घाबरायची आणि दर वेळी कुणाच्या तरी खिरीच्या भांड्यात पडायची. ते सांगताना आचल हसून हसून लोळायची. बंडूजीही हसायचे, पण आतून त्यांचा नुसता जळफळाट व्हायचा.

वर्षभर हिचं नाक पुसायचं आपण, खांद्यावर बसवून शेत फिरवायचं आपण, आणि मास्तरांनी आठ दिवसांत पोर खिशात घालायची! ज्ञानेश्वरचे, म्हणजे आचलच्या बापाचे, वीसच्या वीस दात बंडूजींनी गोठ्यावर फेकले होते. दोन वर्षांपूर्वी त्याच ज्ञानेश्वरनं घरावर स्लॅब टाकला, गोठ्यावरही टिनाचे पत्रे टाकू म्हणाला. तेव्हा म्हातारा गोठ्याच्या दारात आडवा झाला होता. नातीचे दात फेकायचे कुठं, हा त्याचा एकच सवाल होता.

“आबाजी,” आचलनं त्यांच्या तोंडात डोकावून विचारलं, “तुमचे दात उंदीरमामानं काऊन नाई आणून देल्ले?”

बंडूजींनी कवळीसकट तोंड मिटून घेतलं. पलीकडे सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधणाऱ्या कुंताबाई पदर तोंडाला लावून हसल्या. “द्या आता जवाब,” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

शनिवारी पेरू खाताना दात पडला. आचलनं तो धुतला, चॉकलेटच्या चमकीत गुंडाळला आणि आधी आईच्या फोनवरून देवळीला कळवलं. परी दुपारीही येते, असं तिकडून पक्कं उत्तर आलं. तेवढ्यावर पोर भर दुपारी उशीखाली दात ठेवून गाढ झोपली. बंडूजी दोनदा खोलीच्या दारापर्यंत गेले आणि मागं फिरले. तिसऱ्यांदा आत गेले, उशीखाली हात घातला आणि चोरासारखे मागच्या दारानं गोठ्याकडं निघाले.

“उंदीरमामा, हा आचलचा आहे,” ते कवेलूकडं तोंड करून म्हणाले. “नवा जल्दी आणजो.”

दात टक्कन वाजून कवेलूंच्या फटीत गेला. बंडूजींची छाती फुगली. बस म्हणावं आता मास्तरांना टीव्ही बघत!

तेवढ्यात घरातून रडणं ऐकू आलं.

“परी दात घेऊन गेली अन् मले काईच नाई देल्लं,” आचल सुरभीला, आपल्या आईला, बिलगून रडत होती. “मी का खराब पोरगी आहो?”

ते ऐकलं आणि बंडूजींना स्वतःची लाज वाटली. दारातून तसेच ते गोठ्याकडं पळाले. वळचणीला एक बगळ्याचं पांढरंशुभ्र पीस खोचलेलं असायचं, त्यानं ते रोज संध्याकाळी कान साफ करायचे. ते धोतराला पुसलं, मुठीत लपवलं आणि घरात आले.

“नीट पाह्यलं का वं? गादीखाली पाह्य बरं,” म्हणत त्यांनीच गादी उचलल्यासारखं केलं.

“पंख!” आचल किंचाळली. “परीचा पंख! आई, देवळीच्या आबाजीले फोन लाव!”

कुंताबाईंनी पीस पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि त्या चहा ठेवायला गेल्या.

फोनवर अण्णाजींचा चेहरा उमटला. आचलनं पंख नाचवून दाखवला, दहा वेळा तेच सांगितलं. अण्णाजींनी चष्मा लावून तो नीट पाहिला. मग म्हणाले, “बाई, तुह्या आबाजीले दे बरं फोन.”

बंडूजी फोन घेऊन अंगणात आले. मास्तर आता थट्टा करणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

“इवाई, पीस तं बगळ्याचं दिसून राह्यलं,” व्याही म्हणाले.

“असन. आमच्या शेतात तेच येते.”

“मी इथं परीच्या नावानं रंगाची पेटी आणून ठेवली होती,” अण्णाजी म्हणाले. “वाटलं, दिवाळीत पहिला दात देवळीले पडन. रोज सकाळी हालवून पाहो. नाई पडला. पोर तुमच्या घरी राह्यते, तिचे सारे दात तुमच्याच घरी पडतीन. नशीबवान आहा तुमी.”

“येजा एखांद्या दिवशी,” बंडूजी म्हणाले.

संध्याकाळी ते गाईला कुटार टाकत होते, तर आचल पंख केसात खोचून मागं आली.

“आबाजी, उंदीरमामा रागावला असन का? त्याले तं काईच नाई भेटलं.”

खरं बंडूजींच्या ओठांवर आलं होतं. पण दात मामाला मिळाला म्हटलं, तर पंख कुणी ठेवला?

“नाई रागावत तो,” ते म्हणाले. “पुढचा दात त्याले देजो.”

आचलनं विचार केला. “नाई. पुढचाबी परीलेच. ते पंख देते.”

“बरं,” बंडूजी म्हणाले.

ती उड्या मारत घरात गेली. बंडूजी थोडा वेळ कवेलूंच्या त्या फटीकडं बघत राहिले. मग सवयीनं त्यांचा कान खाजला, हात वळचणीकडं गेला आणि रिकामाच परत आला.