दहा बस्ते आणि अकरावं फोल्डर

आमच्या मुरुमच्या शाळेचे चेअरमन शरणप्पा अण्णा. त्यांचा पुतण्या मल्लेश पुण्यात प्रोग्राम लिहिण्याच्या 'जावा' भाषेचा सहा महिन्यांचा कोर्स करून आला आणि लगेच आम्हाला अक्कल शिकवू लागला. शाळेत कॉम्प्युटर मी शिकवतो, पण मी त्याच्या खिजगणतीतही नव्हतो.

शिवकांताबाईंनी वर्षभर खपून शाळेची जुनी रजिस्टरं स्कॅन केली होती. कपाटात लाल फडक्यात बांधलेले दहा बस्ते. तसेच त्यांनी कॉम्प्युटरवर दहा फोल्डर केले आणि ज्या बस्त्यातला कागद त्याच फोल्डरात ठेवला. बाईंची नोकरी कंत्राटी. ती राहणार की जाणार, हे त्या दिवशीच्या बैठकीत ठरणार होतं.

मल्लेशनं पडद्यावर आपला प्रोग्राम लावला. "स्ट्रीम आहे स्ट्रीम! एका ओळीत सगळ्या फायली."

अकरा नावं उमटली. दहा बस्ते आणि अकरावं मल्लेशनं तिथंच केलेलं स्वतःचं फोल्डर, 'मल्लेश'.

"वर्षात एवढंच! अण्णा, ह्या बाईला कशाला पोसता?"

बाई उभ्या राहिल्या. "सर, बस्त्यांच्या गाठी सोडून आत बघितलेत का?"

"प्रोग्राम चुकत न्हाय, बाई."

कपाट उघडायचं, बस्ते मोजायचे आणि आत कागदच नाहीत म्हणून बोंब मारायची! एवढ्यासाठी पुण्याला सहा महिने? माझं डोकंच फिरलं. त्यानं वापरलेली 'लिस्ट' ही आज्ञा फक्त वरवरचं दाखवते, फोल्डरांच्या आत शिरायचं तर 'वॉक' लागतं, हे पुस्तकात लिस्टच्याच पानावर लिहिलेलं असतं. मी उठलो, लिस्टच्या जागी वॉक घातलं आणि प्रोग्राम पुन्हा चालवला.

ओळी धावतच सुटल्या.

"आठ हजाराच्या वर गेलं की रं!" अण्णा चष्मा सावरत म्हणाले.

"म्हंजे माझाच प्रोग्राम चालला ना शेवटी," मल्लेश हसला. लाज कशाशी खातात हे त्याला ठाऊकच नव्हतं.

पण वॉक दहा बस्त्यांवर थांबलं नाही, अकराव्या फोल्डरातही शिरलं. पडद्यावर शेवटच्या दोन ओळी राहिल्या: 'शिवकांता_कामावरून_कमी' आणि 'नेमणूक_ज्ञानेश्वरी_मल्लेश'.

बायकोच्या नावापुढं नवऱ्याचं नाव लावायची आपली रीत. ज्ञानेश्वरी कोण, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

मल्लेश प्रोजेक्टरची वायर ओढायला धावला.

"हात लावू नको," अण्णा म्हणाले. "पत्रं आधीच तयार, मग आमाला बैठकीला कशाला बोलावलास? बाई, तुमी इकडं या. ती दोनी पत्रं तुमच्या हातानं पुसा."

बाईंनी पदराला हात पुसले आणि माउस धरला.