वाऱ्याच्या वाटेवरचा खण

मित्रांनो, सहा वर्षे मी एका पत्राला बिलगून खोक्यात पडून होतो. पत्र माझे नव्हते. ते लातूरच्या रेणुकादास मिस्त्रींना आले होते आणि त्यांनी त्याचे उत्तर कधी दिले नाही. चार वेळा ते लिहायला बसले, चारही वेळा कागद फाडला. शेवटी पत्र माझ्या अंगावर ठेवून त्यांनी खोक्याचे झाकण लावले आणि मला फळीवर चढवले.

मी एक जुना ऑइल कूलर आहे. नाव परके वाटले तरी काम साधे आहे. गाडी जोरात पळते तेव्हा इंजिनातले तेल फार तापते, पातळ होते, आणि मग इंजिनाचे भाग एकमेकांना खाऊ लागतात. ते तापलेले तेल माझ्या एकोणीस चपट्या नळ्यांतून फिरते. समोरून येणारा वारा माझ्या अंगातून आरपार जातो, तेल निवते आणि परत कामाला लागते. बशीत ओतून चहा गार करतात ना, तसेच काहीसे.

माझा जन्म कोईमतूरचा. शर्यतीच्या एका गाडीवर मी आठ वर्षे राबलो. त्या गाडीचे मिस्त्री आलोक. ते मूळचे नांदेडचे. "याला घाम म्हणून फुटत नाही," असे ते माझ्याकडे बोट दाखवून सांगत, आणि मला खरोखरच अभिमान वाटे. ती गाडी मोडीत निघाली तेव्हा त्यांनी मला धुऊन पुसून आपल्या मित्राकडे पाठवले. नांदेडच्या आयटीआयमध्ये ते आणि रेणुकादास एका बाकावर शिकले होते. सोबतच्या पत्रात लिहिले होते : "दासा, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला, हे तुला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. एखादी गाडी ट्रॅकसाठी तयार कर. हा कूलर तिथे कसा वागला ते मला कळव."

रेणुकादास काय कळवणार होते? त्यांच्या गॅरेजात जीपा, टेम्पो आणि ट्रॅक्टर येत. फावल्या वेळात ते इंजिनांवरची जाड पुस्तके वाचत. कोणी कौतुक केले की मान खाली घालून पाना शोधू लागत, तो हातातच असला तरी.

मग एक दिवस शिरूर अनंतपाळची सुकन्या आली. पुण्याच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि सुट्टीत आपली जुनी लाल गाडी ट्रॅकवर पळवणारी. निलंग्याच्या बाजूला माळावर कोणीतरी छोटा ट्रॅक बांधला होता. तिथे चौथ्या फेरीतच तिच्या गाडीच्या तेलाच्या तापमानाचा काटा एकशे चाळीस अंशांना टेकायचा.

"काका, कंपनीचा कूलर लहान पडतो," ती म्हणाली. "मोठा बसवायचाय. कुणी हात लावायला तयार नाही."

सोबत तिचे वडील भुजंगराव होते. ते म्हणाले, "मिस्त्री, मला एक सांगा. ही पोरगी गोल गोल फिरून पुन्हा तिथंच येती. मग जायाचं कशाला?"

"बाबा, तुम्ही बी रोज गावात चक्कर मारून घरीच येता की."

भुजंगराव हसले, पण लगेच गंभीर झाले. "ते असू द्या. आपलं ठरलंय. आता वीस फेऱ्या न तापता झाल्या तर गाडी ठेवायची. न्हाई झाल्या तर विकायची. शब्द?"

"शब्द," सुकन्या म्हणाली.

रेणुकादास बराच वेळ फळीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माझ्याकडे एक आहे. जमेलच असं नाही सांगत."

सहा वर्षांनी झाकण उघडले. त्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवले आणि मला रॉकेलने आतून इतके धुतले की शेवटी बाहेर पडणारे रॉकेल आत गेले तितकेच स्वच्छ होते. इंजिन आणि तेलाचा फिल्टर यांच्यामध्ये त्यांनी एक जाड चकती बसवली. तिच्यात छोटे दार असते, तेल तापले की ते उघडते आणि माझी वाट मोकळी होते. माझी जागा रेडिएटरच्या पुढे, बंपरच्या जाळीमागे. मला हादरे बसू नयेत म्हणून खाली रबर, आणि वारा इकडेतिकडे पळू नये म्हणून बाजूंना पत्र्याची पन्हळ. नळीची चाकी, म्हणजे नट, आवळताना ते दोन पाने धरत, एक आवळायला आणि एक माझी मान सांभाळायला. दोन दिवस त्यांनी प्रत्येक सांध्यावर बोट फिरवून पाहिले. तेलाचा थेंब कुठेच नव्हता. इतक्या मायेने मला कोईमतूरलाही कोणी बसवले नव्हते.

ट्रॅकवर जायच्या सकाळी सुकन्याच्या आजी साखराबाई यांनी गाडीची पूजा केली. हळदकुंकू झाले, नारळ फुटला, झेंडूचा हार चढला.

"आजी, हार तिथं काढायला लावतात," सुकन्या म्हणाली.

"काढू दे की. हाराचं काय एवढं," आजी म्हणाल्या आणि सगळे चहाला आत गेले.

मग काय झाले ते फक्त मी पाहिले. आजी एकट्या परत आल्या. "लक्ष्मीची ओटी न भरता कसं धाडू?" असे पुटपुटत त्यांनी तांदूळ बांधलेला हिरवा खण जाळीतून आत सरकवला. तो बरोबर माझ्या छातीवर येऊन बसला. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

माळावर ऊन मी म्हणत होते. आजीही सोबत आल्या होत्या. पहिल्या फेरीतच वाऱ्याने खणाची घडी उलगडली आणि तो माझ्या अंगाला चिकटला. तेल उकळत येत होते आणि तसेच परत जात होते. पाचव्या फेरीला सुकन्या ट्रॅक सोडून बाजूला आली. काटा एकशे पस्तीसवर.

"झालं," भुजंगराव हळूच म्हणाले. "मिस्त्री, तुमचा दोष न्हाई. चला घरी."

सुकन्याने हेल्मेट काढून मांडीवर ठेवले. रेणुकादासांचा चेहरा उतरला. "माझंच काहीतरी चुकलं असेल," ते म्हणाले. हात खिशातल्या पत्राकडे गेला. तिथून तो जरा वेळाने परत आला, तेव्हा मात्र त्यात फडका होता.

"थांबा. बॉनेट उघड, बाई."

त्यांनी फडक्याने एक नळी दाबली, मग दुसरी. ते स्वतःशीच मोठ्याने बोलू लागले, पुस्तक वाचताना बोलत तसे. "जाणारी तापलीय. म्हणजे दार उघडलंय, तेल फिरतंय. येणारीही तेवढीच तापलीय. म्हणजे निवत नाही. तेल आहे, कूलर आहे, मग नाही ते काय? वारा नाही."

ते त्या तापल्या जमिनीवर पालथे झोपले, जाळीत डोळा घातला आणि तारेच्या आकड्याने खण ओढून काढला. तांदूळ मातीत सांडले.

साखराबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. "मीच ठिवला, भाऊ. वाईट न्हवतं मनात."

"आई..." भुजंगरावांचा आवाज चढणार होता.

रेणुकादासांनी हात वर केला. सगळ्यांसमोर त्यांनी कोणाला थांबवल्याचे मी प्रथमच पाहिले. "रागावू नका. ओटी बरोबर आहे, जागा चुकली. इथून वारा जातो. आजी, तुम्हीच जागा सांगा."

आजींनी तो खण झटकून सुकन्याच्या कमरेला, कपड्याच्या आत खोचला. "लक्ष्मी हीच," त्या म्हणाल्या.

गाडी निवू दिली आणि सुकन्या पुन्हा निघाली. आता वारा माझ्यातून मोकळा वाहत होता. दहा फेऱ्या झाल्या, काटा एकशे आठ. पंधरा झाल्या, एकशे दहा. विसाव्या फेरीलाही तो तिथेच होता. भुजंगराव फेऱ्या मोजत होते. वीस झाल्यावरही ते मोजतच राहिले. "एकवीस... फिरू द्या तिला," ते म्हणाले. "काय छान वळती हो पोरगी."

मित्रांनो, आज माझ्या पातळ पत्र्यावर दोनचार पोचे आहेत, पण मी कामावर आहे. एवढेच सांगतो. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची धूळ मऊ कुंच्याने झाडा, आणि त्यांच्या समोरची वाट मोकळी ठेवा. माणसांचेही तसेच असावे.

त्या दिवशी परतताना निलंग्यात रेणुकादासांनी गाडी थांबवायला सांगितली. टपाल कार्यालयातून ते अंतर्देशीय पत्र घेऊन आले आणि माझ्या डोक्यावरच्या बॉनेटवर ठेवून लिहू लागले. लिहिताना ते पुटपुटत होते, म्हणून मला ऐकू आले. "आलोक, सहा वर्षांपूर्वीच्या तुझ्या पत्राचे उत्तर. कूलर चांगला वागला. बसवला मी होता."

शेवटची ओळ त्यांनी पुन्हा वाचली. या वेळी कागद फाडला नाही. जीभ लावून पत्र चिकटवले आणि ते समोरच्या लाल पेटीशी गेले. माझे तोंड नेमके तिकडेच होते. पत्र आत पडल्याचा आवाज मी ऐकला.