खासदारावरची झडती

दुर्गजवळच्या रुआबांध्याच्या पोळ्यात खासदार देवरावाला खुर्ची दिली आणि तिथंच त्याचा जीव कसनुसा झाला. बैल तोरणाखाली उभे, कारखान्यातून सुटलेली मंडळी बूट न काढताच आलेली, आणि हा एकटा गळ्यात हार घालून बसलेला!

भंडाऱ्याकडून इथं कारखान्यात कामाला आलेल्या या लोकांची रीतच अशी, की पोळ्यात झडत्या म्हणायच्या. यमकं जुळवून चारचौघांत एकेकाची खरडपट्टी काढायची. पण ती फक्त आपल्या माणसाची. पाहुण्याला आपली पानसुपारी. आणि दिल्लीला गेल्यापासून देवरावाच्या वाट्याला दर पोळ्याला पानसुपारीच येत होती.

लोकसभेत त्याचा पक्ष म्हणजे मूठभर माणसं. मागच्या बाकावरून हा पठ्ठ्या कारखान्यात जमिनी गेलेल्यांच्या नोकऱ्यांसाठी घसा फोडायचा आणि मंत्री घड्याळ बघायचे. आता निवडणूक तोंडावर आलेली. दुर्गहून मोठ्या पक्षाचे भैय्याजी मुद्दाम येऊन शेजारी बसले होते.

"आमच्याकडे या. पुढचा बाक मिळेल. फक्त आज हो म्हणा," ते कानाशी लागले.

जावं झालं, देवरावाला वाटलं. इथं तरी आपल्याला आपलं कोण म्हणतंय?

तेवढ्यात मारोतराव पुढं आला. कारखान्याचा पाया खणायला तो आणि देवराव एकाच टोळीत होते. त्यानं कानावर हात ठेवून खणखणीत आवाज लावला:

"नळ मांगाले गेला देवराव, बसला मांगच्या बाकावर,
बाया अजून घागर घेऊन उभ्या आमच्या नाक्यावर!"

"हर हर महादेव!" सगळे ओरडले. हसू असं उसळलं की बैल बिचकले.

भैय्याजी लालेलाल. "अरे, खासदारांची टिंगल करता?"

"करू द्या ना बाप्पा! कवापासून वाट पाहून राहिलो होतो," देवराव म्हणाला. डोळे भरून आले होते गड्याचे. खुर्ची सोडून तो तोरणाखाली गेला, हार काढून बैलाच्या गळ्यात घातला आणि त्यानंही हात वर केला:

"पुढच्या बाकाले गादी भारी, मांगच्या बाकाले ढेकूण,
तरी मांगंच बसीन मी तं तुमच्या शिव्या ऐकून!"

भैय्याजींना उत्तर मिळालं. ते चपला शोधू लागले.

मारोतरावानं बैलाचा कासरा देवरावाच्या हातात कोंबला. "धर मंग! नुसता उभा काय राह्यला, खासदार?"