भाऊंच्या हसण्याचं बिल

मी एक जुना वीजमीटर आहे आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मित्रांनो, मी कुणाची माफी मागायला बोलत नाही. आजवर मी जेवढ्या शिव्या खाल्ल्या, तेवढ्या घरात शिरलेल्या उंदरानेही खाल्ल्या नसतील. ‘मेला पळतोय बघा कसा!’ हे त्यातल्या त्यात गोड वाक्य. आता जरा माझंही ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांब टेबलांशी बसलेल्या बायकांनी चिमट्याने माझी दातेरी चाकं एकेक करून बसवली. माझी पातळ चकती एकीने फुंकर मारून फिरवली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, “अजिबात कुरकुर नाही. चांगला निघेल.” मग एका पक्क्या मीटरशेजारी बसवून माझी परीक्षा घेतली. मी पुढे पळालो नाही, मागे रेंगाळलो नाही. पास झालो, तेव्हा कुणी आत बोट घालू नये म्हणून मला शिशाचं सील लावलं. ते आजही शाबूत आहे. हवं तर येऊन बघा.

मला एका तीन मजली इमारतीत, जिन्याखालच्या लाकडी कपाटात बसवलं. माझं घर दुसऱ्या मजल्यावरचं. तेव्हा काय कौतुक होतं माझं! घरातले आजोबा पोराटोरांना घेऊन खाली आले. वर कुणी दिवा लावला की इकडे माझी चकती फिरायची आणि पोरं टाळ्या पिटायची. आजोबा म्हणाले, “याला जपा रे. घरात हा एकटाच कधी खोटं बोलणार नाही.” आजी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी आजोबांकडे असं काही पाहिलं, की तो विषय तिथेच संपला.

वरच्या घरात काय चाललंय ते मला खाली बसून कळायचं. सकाळी पाण्याचा हीटर लागला की मला धाप लागायची. इस्त्री गरम होऊन थांबली की मीही दम खायचो. पुढे आजोबा गेले. मुलगा ट्रकवर ड्रायव्हर, तो सदा बाहेरगावी. सून आली आणि तिच्यामागून तिचं मोटारीचं शिलाई मशीन आलं. सगळी इमारत तिला ताई म्हणते. ताई शाळांचे गणवेश शिवते. लांब शिवण असली की माझी चकती एका दमात फिरते, बाही जोडायची असली की थांबत थांबत. तिने काय हातात घेतलंय ते मी न बघता सांगू शकतो. त्या दिवसांत मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटायचा.

मग दर वाढू लागले. इथे जरा नीट लक्ष द्या. मी फक्त मोजतो. वर किती वीज गेली एवढंच सांगतो. ती कितीला विकायची, हे कुठल्याशा मोठ्या इमारतीत, थंडगार खोलीत ठरतं. तिथे मला कुणी बोलावत नाही आणि ताईलाही बोलावत नाही. बरं, बिलात नुसती वीज असती तरी समजलं असतं. स्थिर आकार, वहन आकार, आणखी कसला कसला आकार! आजी एकदा बिल वाचून म्हणाल्या, “आपण वीज घेतोय की तिचं लग्न लावून देतोय?” पण राग काढायला त्या थंडगार खोलीत कोण जाणार? मी जिन्याखाली आयता सापडायचो. जाता-येता प्रत्येकाची माझ्या डोक्यावर टपली.

आजींनी मात्र स्वतःचा एक उपाय शोधून काढला होता. रीडिंग घ्यायला माणूस आला की त्या धावत जाऊन घरातला मेन स्विच पाडायच्या. पंखा बंद, फ्रीज बंद, ताईचं मशीन अर्ध्या शिवणीत बंद. मीटर हळू फिरताना दिसला की बिल कमी लावतात, असा त्यांचा ठाम समज. हळूहळू सगळ्या इमारतीला ही खोड लागली. तो माणूस आला की सगळी घरं चिडीचूप. तो बापडा माझे आकडे टिपून घाईघाईने पुढे जायचा. चकती फिरते की थांबते, याच्याशी त्याला काय देणंघेणं! ताई सासूबाईंना समजावून थकली, पण आजी ऐकतील तर शपथ.

यंदा मात्र माझ्यावर बालंटच आलं. आमच्या नगरसेवकांना सगळे भाऊ म्हणतात. या भाऊंचा एक भलामोठा बोर्ड आमच्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर लागला. त्यावर भाऊंचा हसरा चेहरा, खाली ठळक अक्षरांत ‘वीज दरवाढ होऊ देणार नाही’, आणि चारी बाजूंनी झगझगीत दिवे. ते दिवे दिवसाही चालूच, कारण ते बंद करायला बटणच ठेवलं नव्हतं. आणि बोर्ड लावणाऱ्या माणसांनी जाता जाता जिन्याखाली येऊन, माझ्यातून ताईच्या घराकडे जाणाऱ्या वायरीला एक काळी वायर जोडून घेतली. माझ्या डोळ्यांदेखत! मला तोंड असतं तर त्यांना असं सुनावलं असतं! माझ्या हातात एकच होतं. मी फिरत राहिलो.

पुढचं बिल ताईने जिन्यातच उभं राहून दोनदा वाचलं. पुढच्याच्या पुढचं त्याहून वाईट. ते भरणं तिला शक्य नव्हतं. मग वीज तोडण्याची नोटीस आली. वीज गेली की मशीन बंद. शाळा उघडायला आल्या होत्या, घरात बेतलेल्या कापडांचा ढीग पडला होता. गणवेश वेळेत गेले नाहीत तर ते काम कायमचं दुसऱ्याकडे जाणार आणि त्या कामावरच घराची चूल पेटत होती. भाऊ सांत्वनाला आले. “दोष या जुनाट मीटरांचा आहे. भंगार आहे सगळं. मी प्रीपेड मीटर बसवून देतो,” म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. माझा नुसता संताप संताप झाला. ताईने मात्र मीटर तपासून द्या, असा अर्ज केला.

तपासणीच्या मॅडम वायरमनला घेऊन आल्या. भाऊही हजर, सोबत फोटो काढणारा. कंपनीची माणसं आलीत म्हटल्यावर आजींनी सवयीप्रमाणे मेन स्विच पाडला. मॅडमनी कपाट उघडून माझ्यावर टॉर्च मारली.

“चालू आहे. ताई, वर काय काय लावलंय?”

“काहीसुद्धा नाही!” आजी जिन्यावरून ओरडल्या. “मेन स्विचच पाडलाय मी. आता सांगा, आम्ही खातो का वीज?”

“मग आजी, ही चकती कुणासाठी फिरतेय?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सगळी इमारत माझ्याकडे न रागावता बघत होती. ताई पुढे वाकली. “वायरीला हात लावू नका,” वायरमन म्हणाला. तिने हात मागे घेतला, पण नजर सोडली नाही. पाइपामागून, झरोक्यातून, रस्त्यावर, भिंतीवर, काळ्या वायरीमागे तिची नजर चढत गेली. ती बाहेर पडली, भाऊ तिच्यामागोमाग. मी कपाटात अडकलेलो, पण तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

“अहो भाऊ, तुम्ही माझ्या पैशाने हसताय!”

भाऊ घाईघाईने आत आले. “पोरांच्या हातून चूक झाली असेल. कशाला वाढवायचं? मॅडम, हा मीटर आत्ताच काढून न्या. ताईंना नवा मी देतो.” वायरमनने पेचकस काढला. मित्रांनो, मला सगळं कळून चुकलं. मी भंगारात गेलो की ती वायर कधी नव्हतीच आणि नोटीस मात्र ताईच्या माथी तशीच.

ताई माझ्या आणि पेचकसाच्या मध्ये उभी राहिली. “मीटरला हात लावायचा नाही. आधी पंचनामा करा. फोटोवाले भाऊंनी आणलेच आहेत, काढू द्या त्यांना फोटो.”

आजी येऊन कपाटासमोर फतकल मारून बसल्या. “मला उचला आणि मग मीटर काढा. पण जपून उचला, गुडघे दुखतात माझे.”

बघता बघता जिना बायाबापड्यांनी भरला. मॅडमनी एकदा भाऊंकडे पाहिलं, एकदा आजींकडे, आणि पेचकस पिशवीत टाकायला सांगितला. पंचनामा झाला. वायरमनने काळी वायर तोडली. बाहेर भाऊंचा चेहरा विझला आणि आत माझी चकती हळू होत होत थांबली.

आजींनी तळहाताने माझी काच पुसली. “मेल्या, आधी का नाही सांगितलंस?”

आता काय बोलणार! सांगतच तर होतो.

ताईची नोटीस रद्द झाली, बिल दुरुस्त झालं, गणवेश वेळेत गेले. पण एवढ्यावर खूश होऊन गप्प बसणारा मी नव्हे. दर उतरले नाहीत, उलट पुन्हा चढले. परवा एक माणूस नवे मीटर घेऊन आला. ताई म्हणाली, “बसवा की! पण त्याआधी या बिलातला एकेक आकार कशाचा, तो आम्हाला का, ते समजावून सांगा.” तो जिन्यात बसून सांगू लागला, अडखळला आणि वरच्या साहेबांना विचारून येतो म्हणाला. बायका त्याची वाट पाहत नाहीत. दरवाढीच्या सुनावणीला जायचं त्यांनी ठरवलंय, आजीसुद्धा जाणार आहेत.

मित्रांनो, मी काही अमर नाही. उद्या मला काढतील, माझ्या जागी नवा येईल, त्याच्यावर उगाच रागावू नका. त्याची काच पुसा. घरातलं सगळं बंद करून एकदा त्याच्यासमोर उभे राहा. तरीही तो मोजत असेल तर वायरीला हात लावू नका. ती कुठे जाते ते बघत बघत बाहेर पडा आणि वर जो कुणी हसत असेल, त्याला नावाने हाक मारा.