पिकअपचं बारसं

कॉर्विनने तो अख्खा उन्हाळा पिकअपच्या मागे घालवला. शनिवार-रविवारी डोंगरात जाऊन झोपायचं, तंबू नको, मोटेल नको, एवढीच ट्रेसाची हौस होती. आणि बायकोची हौस पुरवायला हा माणूस कायम एका पायावर तयार. हौद्यावर नीट बसेल असा फायबरचा जुना टप त्याने कुठूनसा मिळवला. चाकांच्या उंचवट्यांवर प्लायवूडचा पलंग ठोकला. खाली दोन लांब खण केले, एकात स्टोव्ह आणि भांडी, दुसऱ्यात कपडे. फोमची गादी ट्रेसाने पाव कापायच्या सुरीने कापली, साफ वाकडी कापली, आणि दोघं त्या वाकड्या गादीवर पडून पोट धरून हसली.

एक गोष्ट तेवढी राहिली. असल्या टपाची मागची काच फक्त बाहेरून उघडते. ही वस्तू सामान झाकायला बनवलेली. आत माणूस झोपेल असं बनवणाऱ्याच्या डोक्यातही नसतं. खालचा फाळका लावला, वरून काच पाडली, मूठ फिरवली, की आतला माणूस आतच. शहाणी माणसं भोक पाडून आतून एक कडी बसवून घेतात. कॉर्विनही बसवणार होता. ड्रिल हातात घेऊन उभा होता, तर ट्रेसा म्हणाली, "नको ना रे. माझा डॅडी विचारेल, ही कशाला? मग काय सांगशील?"

कॉर्विनने ड्रिल खाली ठेवलं. सांगण्यासारखं ते नव्हतंच. लहानपणी काकाच्या शेतावर तो गव्हाच्या पत्र्याच्या कोठीत उतरला, खालून गहू काढणं सुरू होतं, आणि गव्हाने त्याला हनुवटीपर्यंत आत ओढलं. पत्रा कापून त्याला बाहेर काढावं लागलं. तेव्हापासून बंद जागेत त्याचा जीव घाबरा होतो. हे त्याने आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि पुढे तिच्याशी लग्न केलं.

तर कडीऐवजी, काच पुरती मिटू नये म्हणून, लाकडाची पाचर आली. पहिल्या सहलीला काच सताड उघडी, त्यामुळे डासांची चंगळ झाली. पुढच्या वेळी काच अर्धी खाली. सप्टेंबर सरता सरता पाचरीएवढी फट ठेवून, ट्रेसाचा हात घट्ट धरून, तो सकाळपर्यंत झोपला. उठल्यावर त्याचा चेहरा शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा झाला होता. ट्रेसाला त्याचा फार अभिमान वाटला. तिथेच थांबायचं की नाही! पण नाही. तिला तो अभिमान बापाला दाखवायचा होता.

बाप म्हणजे डेल्बर्ट हॉगन. जन्मभर आयडाहोच्या जंगलात झाडं पाडलेला गडी. त्याला सगळा तालुका डेल म्हणायचा, जावई मात्र अजून 'मिस्टर हॉगन' म्हणायचा, कारण डेल म्हण असं म्हातारा कधी म्हणालाच नव्हता. जावई शिकार करत नव्हता, हा एक गुन्हा. दुसरा गुन्हा म्हणजे त्याने मुलगी नेली.

दर ऑक्टोबरला एल्क हरणांच्या शिकारीच्या मोसमाला हॉगन मंडळींचा तळ एका ठरलेल्या कड्यावर पडे. तिथला रिवाज असा, की नवी गाडी आली की डेल आधी ती तपासणार. फळ्या ठोकून बघणार, गादी दाबणार, खण उघडून आत नाक खुपसणार, आणि मग तिचं नाव ठेवणार. ते नाव जन्मभर चिकटायचं. ट्रेसाचा भाऊ किप याच्या ट्रेलरला 'खुराडं' म्हणत, आणि त्याची पोरंही आता खुराडंच म्हणत. पण नाव पडलं की माणूस तळावरचा झाला. ट्रेसाला तेवढंच हवं होतं.

दुपारी जेवणं उरकल्यावर तपासणी सुरू झाली. डेलने खण ओढून पाहिले. सुरळीत सरकले. पलंगावर बुक्की मारली. पलंग हलला नाही.

"काम बरं केलंयस," तो म्हणाला. ट्रेसाने किपकडे पाहिलं. बापाच्या तोंडून 'बरं' ऐकायला किपला दहा वर्षं लागली होती.

"आता आडवा हो बघू," डेल म्हणाला. "पाय पुरतात का ते कळू दे."

कॉर्विन आत शिरला, आडवा झाला. डेलने पाचर उचलून खिशात टाकली, फाळका लावला, काच पाडली आणि मूठ फिरवली. मग किपला डोळा मारला.

"पुरतात, मिस्टर हॉगन," आतून आवाज आला. "उघडा आता."

"थांब जरा. टप गळतो का बघतोय."

"पाऊस कुठे आहे डॅडी!" किप खिदळला.

"मिस्टर हॉगन, प्लीज. उघडा."

मग काचेवर थापा सुरू झाल्या. आधी सावकाश, मग धडाधड. अख्खी पिकअप हलायला लागली. काच काळी होती; बाहेरून आतलं काही दिसत नव्हतं, नुसता तळहात येऊन आपटायचा तेवढा दिसे.

ट्रेसा धावली आणि तिने मुठीवर हात ठेवला. तेवढ्यात डेलने तिच्या खांद्यावर हात टाकला. लग्नानंतर त्याने तिला असं जवळ घेतलंच नव्हतं. लहानपणी लाकडं वाहायच्या ट्रकमध्ये शेजारी बसवून घ्यायचा, तसाच तो हात होता, जड आणि उबदार.

"उघड की. तुझाच नवरा आहे," तो तिच्या कानाशी म्हणाला. "पण आधी सांग, हा एवढा कशाला तडफडतोय? तुला माहीत आहे. तोंडावर दिसतंय तुझ्या."

मूठ हातात होती. मनगट फिरवायचं, बस. पण किप बघत होता, वहिनी, किपची बायको, बघत होती, आणि खांद्यावरचा तो हात उचलला जाऊ नये असं तिला इतकं वाटलं की तिने तोंड उघडलं.

"अरे, तो लहानपणी गव्हाच्या कोठीत पडला होता," ती म्हणाली. एवढ्यावर कुणी हसलं नाही. म्हणून तिने पुढचंही सांगितलं. "हनुवटीपर्यंत गहू! काकाने पत्रा कापला तर गव्हाबरोबर हा बाहेर घरंगळला, आणि चड्डी ओली!"

किपने गुडघ्यावर थाप मारली. वहिनीने तोंडावर हात धरला. डेल इतका हसला की त्याला ठसका लागला.

"कोठी!" तो डोळे पुसत म्हणाला. "झालं गाडीचं बारसं. आजपासून ही कोठी!"

आतल्या थापा केव्हा थांबल्या हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ट्रेसाने मूठ फिरवली.

कॉर्विन बाहेर आला. घामाने निथळत होता, पण आवाज ताळ्यावर होता. काळ्या काचेतून बाहेरचं लख्ख दिसतं आणि ऐकूही सगळं येतं, हे ट्रेसाला तेव्हा कळलं. खणातून त्याने तिचे कपडे काढले, तिची उशी काढली, स्वेटर काढला, आणि नीट घडी घालून सगळं फाळक्यावर ठेवलं.

"कॉर्विन, अरे गंमत होती ती."

"त्यांची होती," तो म्हणाला. "हात तुझा होता, ट्रेसा. मी त्या हाताकडेच बघत होतो."

तिचे कपडे त्याने उचलून तिच्या हातात दिले, काच बंद केली आणि गाडी सुरू केली. ती दोन पावलं मागे धावली. डेल म्हणाला, "जाऊ दे गं. भित्रं मांजर. माझ्या ट्रेलरमध्ये झोप."

संध्याकाळी खालच्या खोऱ्यातले लुंड बंधू बिअर घेऊन शेकोटीला आले. ट्रेसा कडेला अंग चोरून बसली होती. उठून चालत खाली जावं, रस्ता गाठावा, असं तिला शंभरदा वाटलं होतं.

"जावई नव्या गाडीने आला म्हणे?" थोरल्या लुंडने विचारलं. "कुठे आहे?"

डेलने आपल्या शेजारची खुर्ची थोपटली. "ट्रेसा, इकडे ये बाळा. यांना ती कोठीची गोष्ट सांग. तूच सांग, तू मस्त सांगतेस."

ती उठली, बापाच्या शेजारी जाऊन बसली आणि तिने सांगितली. या खेपेला चड्डीच्या आधी ती क्षणभर थांबली, आणि सगळे दुपारपेक्षा जास्त हसले.