चार रिकामी भोकं

टेबलावरचे खडू बघितले आणि माझं टाळकंच सटकलं. अठरा वर्षं पॉवर प्रेसवर पत्रा दाबला, उजव्या हाताची दोन बोटं गमावली, आणि आता बालवाडीत बसायचं? धाकट्या नणंदेनं हट्टानं इथं, चित्रं काढून मनावर उपचार करतात तिथं, आणलं होतं. मी पळून जाऊ नये म्हणून ती बाहेर बाकावर ठाण मांडून बसली.

“मला चित्रं येत नाहीत,” मी उपचार करणाऱ्या बाईंना तोडूनच सांगितलं.

“यायला नकोतच. इथं मार्क नाहीत. आणि चित्र बघून मी तुमचं मन ओळखणार नाही. सांगावंसं वाटलं तर तुम्हीच सांगायचं.”

“मग तुमचं काम काय?”

“सोबत बसणं, विचारणं. कधी इथून जाताना बरं वाटेल, कधी जास्तच त्रास होईल. ते आधीच सांगते.”

निदान बाई खोटं तरी बोलत नव्हत्या.

दोन आठवडे मी नुसते कागद काळे करून आले. घरी सुरीला हात लावत नव्हते, भाजी नणंद चिरायची. कुणी विचारलं की एकच उत्तर, चूक माझीच. दवाखान्यात सुपरवायझरनं पुढे केलेल्या कागदावरही तेच होतं. उजवा हात बँडेजमध्ये, म्हणून डावा अंगठा उठवला. करावं तसं भरावं, असं दीड वर्ष मी स्वतःला ऐकवत होते.

तिसऱ्या आठवड्यात बाई म्हणाल्या, “राग कशाचा येतो?”

“मशिनचा.”

“मग मशिन काढा.”

डाव्या हातानं काढलं. चाक, पत्र्याला आकार देणारी डाय, पायाचं पेडल. काम अर्धवट सोडायची मला सवय नाही. रोज सकाळी मशिन सुरू करण्याआधी मी एकेक बोल्ट हात लावून बघायचे, त्याच क्रमानं काढत गेले. डायच्या पुढे दोन्ही बाजूंना दोन-दोन गोल आले.

“हे चार गोल कसले?”

“भोकं. जाळीचे बोल्ट बसतात तिथं. हात आत जाऊ नये म्हणून जाळी असते.”

“ती कागदावर दिसत नाही.”

“दिसेल कशी? नव्हतीच! सुपरवायझरनं खोलून कपाटात टाकली होती. जाळी असली की माल कमी निघतो म्हणे!”

माझा आवाज इतका चढला की नणंद दार ढकलून आत आली. हातातला खडू मोडला होता. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्या अंगठ्याखाली मीच ते गाडलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं संन्याशानंच दोर आणून दिला होता.

बाईंनी पाणी दिलं. घाई केली नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, “चित्र तुमचं आहे. मी कपाटात कुलपात ठेवते. तुम्हाला विचारल्याशिवाय कुणाला दाखवणार नाही.”

“कपाटात नको.”

मी खाली अपघाताची तारीख घातली, सुपरवायझरचं नाव लिहिलं. मग डाव्या हातानं सही केली. वेडीवाकडी आली, पण अंगठा नव्हता.

“चल गं,” मी नणंदेला म्हटलं. “हे कारखान्यात, त्या अंगठ्याच्या कागदाशेजारी ठेवायचंय. पण आधी मशिनवर माझ्या जागेवर आज कोण बसलंय ते बघू, आणि तिच्यापुढे जाळी आहे का.”