डावा ट्रे

मित्रकीटक केंद्रात यंत्रं पुष्कळ होती, पण भरलेली अळी ओळखायचं काम मात्र एकट्या ताईंच्या बोटांचं. काम सांगायला सोपं. पिकं खाणाऱ्या अळ्या केंद्रात मुद्दाम वाढवायच्या आणि त्यांच्यावर डासाएवढ्या माश्या सोडायच्या. माशी अळीच्या पोटात अंडी घालते, पिल्लं अळीला आतून खात वाढतात आणि एक दिवस कातडं फोडून बाहेर येतात. अशा अळ्या शेतावर नेऊन ठेवल्या की त्यातून निघालेल्या माश्या तिथल्या किडीचा समाचार घेतात. मेख एवढीच, की तोवर अशी पोटात पिल्लं असलेली, म्हणजे भरलेली अळी हिंडते, खाते, चारचौघींसारखीच दिसते. नुसतं बघून काही कळत नाही.

ताईंना कळायचं. उजवा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात अळी धरून त्या हलकेच दाबायच्या. रिकामी अळी लगेच उलट रेटते. भरलेली थांबते. मनात एक, दोन म्हणेपर्यंत थांबते आणि मग रेटते, पण दाबलं तिथून नाही, जरा बाजूने, आत कोणीतरी कूस बदलल्यासारखं. भरलेली डाव्या ट्रेत, रिकामी उजव्या. एकवीस वर्षांत एक चूक नाही. केंद्राच्या मॅडम पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या ताईंच्या बोटांना डोळे आहेत." ताई लाजल्यासारखं करायच्या, पण आतून खूश असायच्या. कौतुक कोणाला नको असतं?

त्या महिन्यात तर डावा ट्रे ओसंडत होता. दहातल्या नऊ अळ्या भरलेल्या.

"माश्यांना उधाण आलंय," ताई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात जेवताना नवऱ्याने मीठ पुढे केलं आणि ताईंची बोटं त्याच्या मनगटावर पडली. सवयीने दाबली गेली. एक, दोन. मग काहीतरी सरकलं.

ताईंच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. हडकुळा, थट्टेखोर माणूस. ते म्हणाले, "काय गं, नाडी बघतेस? आहे अजून. काळजी नको."

ताईंनी हात मागे घेतला. रात्रभर त्या स्वतःला समजावत राहिल्या, की बाई गं, माणूस आहे तो, अळी नव्हे. सकाळी कॉलर नीट करायच्या निमित्ताने त्यांनी मान दाबून पाहिली. मग खांदा. मग कानाची पाळी. सगळीकडे तेच. एक, दोन, आणि मग कोणीतरी कूस बदलायचं.

भरलेल्या अळीच्या आणखी दोन खोडी ताईंना पाठ होत्या. ती दुपटीने खाते आणि तरी अंग धरत नाही. आणि शेवटी शेवटी ती बाकीच्यांना सोडून झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसते. घरात पाणी कुठेतरी मुरतच होतं. सकाळी आणलेला पाव दुपारी गायब असायचा, झाकलेलं पातेलं उघडावं तर तळ दिसायचा. आणि संध्याकाळी ताई वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेल्या, की थोड्या वेळाने चष्मेवाले वर हजर. काही काम नाही, काही नाही.

सांगायचं तरी कोणाला? डॉक्टर हसले असते. त्यात भरलेली अळी पुन्हा रिकामी होत नाही, हे ताईंइतकं कोणाला ठाऊक होतं? अळीला दहा-बारा दिवस लागतात, माणूस मोठा, त्याला जास्त लागतील, एवढाच हिशेब त्यांना जमत होता. मोरीत नळ सोडून त्या रडायच्या. या माणसावाचून घरात जीव कसा लागेल, हे त्यांना सुचतच नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी त्यांना खोलीत बोलावलं. टेबलावर डावीकडच्या अळ्यांचे डबे उघडे होते. आत करडे पतंग फडफडत होते.

"ताई, एक माशी निघाली नाही. एकही नाही! सगळ्या रिकाम्या होत्या. आपण शेतांवर कीड पाठवली, कीड!"

दुसरी असती तर तिने धरणी पोटात घे म्हटलं असतं. ताईंचा मात्र जीव भांड्यात पडला. बोटं चुकली होती! अळ्या रिकाम्या, म्हणजे घरचा माणूसही रिकामा. त्या मॅडमसमोरच हसत सुटल्या, आणि मॅडम बघतच राहिल्या.

घरी आल्या आल्या ताईंनी जिना चढून गच्ची गाठली. पाठोपाठ चष्मेवाले आले. ताईंनी हसतच विचारलं, "अहो, तुम्ही रोज इथे काय करायला येता?"

"मी? तुला खाली न्यायला येतो. तू कठड्याला टेकून बसतेस ती बसतेसच. हाका मारल्या तरी मान वळत नाही."

"आणि पाव? पातेली?"

"अगं, तूच तर उभ्या उभ्या खातेस. म्हटलं खाऊ दे, अंगाला लागेल. पण लागत काही नाही." ते हसले. "तीन आठवडे माझी मनगटं चाचपतेस. काखेत कळसा नि गावाला वळसा."

ताई हसल्या नाहीत. त्यांचा डावा हात कधी अळीला लागला नव्हता. त्या हाताने त्यांनी नवऱ्याचं मनगट दाबलं. ते लगेच उलट रेटलं गेलं. चांगलं, धट्टंकट्टं, रिकामं. मग त्याच हाताने त्यांनी आपला उजवा अंगठा धरला आणि हलकेच दाबला.

एक. दोन.

"चल, खाली जाऊ," चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

ते वाचले, याचा ताईंना खराखुरा आनंद झाला होता. पण पाय उचलेना. खाली जावंसंच वाटत नव्हतं. इथे वर बरं वाटत होतं.